ग्रह कोणाला म्हणायचं, आणि ते ठरवायचं कसं?

रात्रीच्या आकाशात एखादा ठळक ठिपका दिसला, तर तो तारा की ग्रह हे ओळखायची एक फार जुनी युक्ती आहे. त्याच्या आजूबाजूचे तारे नीट पाहून घ्यायचे, हवं तर वहीत त्यांची आकृती काढायची आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. बाकीचे तारे एकमेकांपासून होते तेवढ्याच अंतरावर दिसतील. तो ठिपका मात्र त्यांच्यातून सरकलेला असेल, तर तो ग्रह. दुर्बीण नव्हती तेव्हा हजारो वर्षं माणसांनी ग्रह असेच ओळखले. ताऱ्यांमधून जो जागा बदलतो तो ग्रह, एवढा साधा नियम.

आता या नियमाने मोजून बघा. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच आलेच. पण सूर्य आणि चंद्रही ताऱ्यांमधून सरकतात, म्हणून तेही ग्रहच धरले जात. झाले सात. आणि पृथ्वी? ती यादीत नव्हतीच. ती पायाखाली होती, आकाशात सरकताना कधी दिसत नव्हती, मग तिला ग्रह कोण म्हणणार?

१५४३ साली निकोलस कोपर्निकस यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पृथ्वीसुद्धा इतर ग्रहांसारखी सूर्याभोवती फिरते, असं त्यांनी त्यात मांडलं. लोकांना ते पटायला बराच काळ गेला, पण पटलं तेव्हा जुनी यादी मोडावी लागली. सूर्य मध्यभागी गेला, म्हणून तो यादीतून वगळला. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून तोही गेला. पृथ्वी आत आली. सातचे सहा झाले. आकाशात तसूभरही फरक पडला नव्हता, बदलली होती ती आपली समजूत. ग्रहांच्या गोष्टीत हे पुन्हा पुन्हा घडतं. म्हणूनच ग्रहांची नावं घडाघडा म्हणता येण्यापेक्षा ही यादी का बदलत गेली ते समजून घेण्यात मला जास्त गोडी वाटते.

१७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून युरेनस दिसला. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला, पण त्याची कक्षा मोजल्यावर तो शनीच्या पलीकडचा ग्रह निघाला. यात फार वाद झाला नाही. खरी गंमत त्यानंतर वीस वर्षांनी सुरू झाली.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये खूप मोठी मोकळी जागा आहे. तिथे एखादा ग्रह लपलेला असावा, अशी अनेकांची अटकळ होती. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियात्सी ताऱ्यांची यादी तयार करत होते. एक अंधूक ठिपका त्यांच्या नोंदीत बसेना, कारण तो रोज थोडा सरकत होता. त्यांनी काही आठवडे त्याचा माग काढला. मग ते आजारी पडले, आणि तोपर्यंत ठिपकाही सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला. एवढ्या थोड्या नोंदींवरून तो पुन्हा कुठे उगवेल हे कसं सांगायचं? कार्ल फ्रीडरिश गाउस या २४ वर्षांच्या गणितज्ञाने त्यासाठी गणिताची नवी पद्धतच शोधून काढली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला तो ठिपका गाउस यांनी सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडला. त्याचं नाव सेरेस.

सेरेस ग्रहांच्या यादीत गेला. पण १८०२ मध्ये त्याच भागात पॅलस सापडला, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. त्या काळातल्या पुस्तकांत चक्क अकरा ग्रह छापलेले असत. १८४५ नंतर तर नवनवीन पिंडांची रांगच लागली. दरम्यान १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, तोही आधी कागदावरच्या गणितात आणि मग दुर्बिणीत. नेपच्यून दांडगा होता. पण मंगळ आणि गुरू यांच्यामधले हे सगळे पिंड इतके छोटे होते की दुर्बिणीतूनही नुसते ठिपकेच दिसत. शिवाय ते एकाच पट्ट्यात फिरत होते. हळूहळू खगोलशास्त्रज्ञ त्यांना लघुग्रह म्हणू लागले आणि सेरेससकट सगळे ग्रहांच्या यादीतून बाहेर पडले. त्यासाठी ना मतदान झालं, ना कुठे घोषणा झाली. आज त्या पट्ट्यात दहा लाखांहून जास्त लघुग्रह माहीत आहेत. ते सगळे ग्रह धरले असते तर काय झालं असतं, विचार करा.

सेरेसची ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्लूटोची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण ती सेरेसच्या गोष्टीचीच दुसरी आवृत्ती आहे.

अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ इथल्या लॉवेल वेधशाळेत १९३० साली क्लाइड टॉम्बॉ नावाचा तरुण नेपच्यूनपलीकडचा ग्रह शोधत होता. त्याचं काम फार चिकाटीचं होतं. आकाशाच्या एकाच भागाचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो काचेच्या पट्ट्यांवर घ्यायचे, मग त्या दोन्ही काचा एका यंत्रात लावायच्या. यंत्राच्या भिंगातून क्षणात पहिला फोटो दिसे, क्षणात दुसरा, पुन्हा पहिला. तारे जागच्या जागी राहत. एखादा ठिपका इकडून तिकडे उडी मारताना दिसला, तर तो सरकलाय हे समजायचं. एकेका काचेवर हजारो तारे असत आणि तो इंच इंच तपासत जाई. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, २३ आणि २९ जानेवारीच्या फोटोंची तुलना करताना, एका ठिपक्याने अशी उडी मारली. तो प्लूटो. हे नाव सुचवलं इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या व्हेनिशिया बर्नी या ११ वर्षांच्या मुलीने.

सुरुवातीला प्लूटो पृथ्वीएवढा भारी असावा असं वाटलं होतं. नंतर जितक्या काळजीने मोजावं तितका तो लहान निघत गेला. पक्का निकाल लागला १९७८ मध्ये. जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या फोटोंमध्ये एक फुगवटा दिसला. तो कधी एका बाजूला असे, कधी दुसऱ्या, आणि दर साडेसहा दिवसांच्या आत पुन्हा पहिल्या जागी येई. तो प्लूटोचा चंद्र होता, कॅरॉन. एखाद्या पिंडाभोवती चंद्र फिरत असला, की त्या पिंडाचं वस्तुमान काढता येतं. चंद्र किती दूर आहे आणि एका फेरीला किती वेळ घेतो हे कळलं, की त्याला धरून ठेवणारी ओढ किती जोरदार आहे ते कळतं, आणि ओढ कळली की वस्तुमान कळतं. उत्तर आलं ते सगळ्यांना चकित करणारं होतं. प्लूटो आपल्या चंद्राच्या एक पंचमांशाहूनही हलका निघाला. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर आहे, चंद्राचा ३,४७४.

तरीही प्लूटो ग्रहच राहिला, कारण नेपच्यूनपलीकडे त्याच्याखेरीज आणि कॅरॉनखेरीज कुणाला काही माहीत नव्हतं. १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना तिथे आणखी एक बर्फाळ पिंड सापडला. मग शेकडो सापडले. सूर्यमालेच्या त्या थंड भागाला आपण आज कायपर पट्टा म्हणतो. आणि २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिस शोधल्याचं जाहीर केलं. एरिस जवळजवळ प्लूटोएवढा आहे आणि वस्तुमानाने प्लूटोपेक्षा सुमारे पाव पटीने जास्तच आहे.

आता मात्र पेच पडला. प्लूटो ग्रह असेल, तर त्याच्याहून भारी असलेल्या एरिसला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि एरिसला हो म्हटलं, तर उद्या सापडणाऱ्या त्याच्यासारख्या इतरांचं काय? गंमत म्हणजे तोवर ग्रहाची लेखी व्याख्या कुणी केलेलीच नव्हती. यादी होती, नियम नव्हता.

ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं अधिवेशन भरलं. आकाशातल्या गोष्टींची नावं आणि प्रकार अधिकृतपणे ठरवणारी ही जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची संघटना. पहिला मसुदा आला त्यात सेरेस, कॅरॉन आणि एरिस धरून बारा ग्रह होते. त्यावर जोरदार वाद झाले, मसुदा बदलला, आणि २४ ऑगस्टला सभागृहात पिवळी कार्डं वर करून मतदान झालं. तेव्हापासून सूर्यमालेतला पिंड ग्रह आहे का, हे तीन प्रश्न विचारून ठरवतात.

पहिला प्रश्न सोपा: तो सूर्याभोवती फिरतो का? गुरूचा चंद्र गॅनिमीड बुधाहून मोठा आहे, तरी तो ग्रह नाही, कारण तो गुरूभोवती फिरतो.

दुसरा प्रश्न: तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे गोल झालेला आहे का?

यावर थोडं थांबू या, कारण ग्रह गोलच का असतात हा प्रश्न फार सुंदर आहे. मैदानात कोरड्या मातीचा ढीग करून बघा. माती टाकत गेलात, की एका मर्यादेनंतर ढिगाचा उतार आणखी उभा होत नाही, कडा ढासळतात. मोठ्या पिंडावर दगडाचंही असंच होतं. गुरुत्वाकर्षण सगळ्या बाजूंनी मध्याकडे ओढत असतं. पिंड छोटा असेल तर ही ओढ दुबळी असते आणि खडक आपला वेडावाकडा आकार टिकवून धरतो. मंगळाचा फोबोस हा चंद्र जेमतेम २२ किलोमीटरचा आहे आणि तो अगदी ओबडधोबड आहे. पिंड शेकडो किलोमीटरचा झाला, की मात्र त्याचं स्वतःचं वजन खडकाला आणि बर्फाला जुमानत नाही. उंचवटे खचतात, खोलगट जागा भरतात आणि कोट्यवधी वर्षांत सगळा पिंड गोल होतो. कारण गोल आकारातच पृष्ठभागाचा प्रत्येक भाग मध्याच्या शक्य तितका जवळ येतो.

याचा पुरावा डोंगरांच्या उंचीतही दिसतो. मंगळावरची ओढ पृथ्वीपेक्षा बरीच कमी, म्हणून तिथला ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच उभा राहू शकला. पृथ्वीवर एवढा उंच डोंगर स्वतःच्या वजनानेच खचला असता.

पण किती मोठं झालं की गोल व्हायचं, याची आखीव रेघ नाही. शनीचा मायमस हा चंद्र ४०० किलोमीटरपेक्षा किंचित लहान असूनही गोल आहे. नेपच्यूनचा प्रोटियस त्याच्याहून थोडा मोठा असूनही वाकडा आहे. व्हेस्टा ५२५ किलोमीटरचा आहे, पण एका प्रचंड धडकेने त्याचा दक्षिणेकडचा भाग असा काही उडवला की तो पुन्हा नीट गोल होऊ शकला नाही. पिंड कशाचा बनला आहे, आतून कधी गरम होता का, त्याच्यावर काय आदळलं, या सगळ्यावर ते अवलंबून असतं.

सेरेस, प्लूटो आणि एरिस हे तिघेही या दोन प्रश्नांत पास होतात. ते अडतात तिसऱ्यावर: त्याने आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर मोकळा केला आहे का?

सूर्यमाला सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या फिरत्या तबकडीतून घडली. त्या तबकडीत असंख्य पिंड एकमेकांवर आपटत होते, चिकटत होते. ज्यांचं वस्तुमान खूप वाढलं, त्यांनी आपल्या वाटेतल्या छोट्या पिंडांना एकतर गिळलं, किंवा दूर भिरकावलं, किंवा आपल्या तालावर फिरायला लावलं. आज पृथ्वीच्या वाटेत इतर जे काही उरलं आहे, ते सगळं एकत्र केलं तरी पृथ्वीचं वस्तुमान त्याच्या सुमारे १७ लाख पट भरेल. सेरेसच्या बाबतीत हाच हिशोब उलटा होतो. त्याच्या पट्ट्यातला बाकीचा माल एकत्र केला तर तो त्याच्याहून जास्तच भरतो. प्लूटो तर त्याच्या आसपासच्या मालाच्या एक दशांशही नाही. आठही ग्रहांचे आकडे हजारांच्या वर आणि सेरेस, प्लूटो, एरिस यांचे एकाच्याही खाली. मधे कुणीच नाही. गोलपणाच्या प्रश्नात सीमारेषा पुसट होती, इथे ती रुंद दरीसारखी स्पष्ट दिसते. म्हणूनच या तीन प्रश्नांतला तिसरा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. हा पिंड आपल्या परिसरात सत्ता गाजवतो की गर्दीतला एक आहे, हे तो विचारतो.

शब्द मात्र चांगले निवडले गेले नाहीत, हे मान्य करायला हवं. ‘मोकळा केला आहे’ म्हटलं की वाटतं, तिथे काहीच उरलेलं नसावं. मग लोक बरोबर विचारतात, गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह आहेत त्याचं काय? ते लघुग्रह गुरूच्या पुढे आणि मागे ठरावीक अंतर राखून फिरतात, आणि तिथे त्यांना गुरू आणि सूर्य यांच्या ओढीनेच बांधून ठेवलेलं आहे. दुसरा प्रश्न हमखास येतो: प्लूटो काही काळ नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ येतो, १९७९ ते १९९९ या काळात तो तसा होता, मग नेपच्यूनने तरी परिसर कुठे मोकळा केला? याचं उत्तर तुम्ही स्वतः गुणाकार करून काढू शकता. नेपच्यूनला सूर्याभोवती एका फेरीला सुमारे १६५ वर्षं लागतात, प्लूटोला सुमारे २४८. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांची वर्षं काढा आणि प्लूटोच्या दोन फेऱ्यांची काढा. जवळजवळ सारखीच येतील. हा योगायोग नाही. नेपच्यूनच्या ओढीने प्लूटोला या ठेक्यात पकडून ठेवलं आहे, त्यामुळे दोघे कधी आपटत नाहीत.

जे पहिल्या दोन प्रश्नांत पास आणि तिसऱ्यात नापास होतात, आणि कुणाचे चंद्र नसतात, त्यांना बटुग्रह म्हणतात. संघटनेने आतापर्यंत पाच मानले आहेत: सेरेस, प्लूटो, एरिस, हौमेया आणि माकेमाके. यातला हौमेया चार तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, आणि त्या वेगामुळे तो लांबट झाला आहे.

बटुग्रह म्हटल्याने प्लूटो क्षुल्लक ठरला असं मुळीच समजू नका. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान त्याच्या जवळून गेलं. तेव्हा तिथे पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसले, गोठलेल्या नायट्रोजनचं विस्तीर्ण मैदान दिसलं आणि वर निळसर धुक्याचे थर. त्या मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांना २००६ ची व्याख्या अजिबात मान्य नाही. त्यांचं आणि बऱ्याच भूशास्त्राच्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की पिंड कुठे फिरतो यापेक्षा तो आतून कसा आहे ते बघा. गोल असेल आणि तारा नसेल तर ग्रह म्हणा. या नियमाने आपला चंद्र, गॅनिमीड, शनीचा चंद्र टायटन असे सगळे ग्रह होतील आणि संख्या शंभराच्या पुढे जाईल. डोंगर, दऱ्या, ज्वालामुखी यांचा अभ्यास करणाऱ्याला ही व्याख्या सोयीची आहे, यात शंका नाही. सूर्यमाला कशी घडली हे शोधणाऱ्याला तिसरा प्रश्न लागतोच.

या व्याख्येतली मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. तिच्यात ‘सूर्याभोवती’ असं लिहिलेलं आहे. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधल्याचं जाहीर केलं. त्याचं एक वर्ष फक्त चार दिवसांचं आहे. या शोधासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आज असे पाच हजारांहून जास्त ग्रह माहीत आहेत, आणि अक्षरशः वाचलं तर त्यातला एकही २००६ च्या व्याख्येत बसत नाही. तिकडे वरची मर्यादाही लागते. गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमानाच्या पुढे पिंडाच्या पोटात एक प्रकारची अणुभट्टी पेटू शकते, मग तो ग्रह न राहता तपकिरी बटू म्हणवतो. पण एवढ्या लांबचा ग्रह गोल आहे की नाही, त्याने परिसर मोकळा केला की नाही, हे बघायचं कसं?

२०२४ मध्ये काही संशोधकांनी यावर एक सुटसुटीत उपाय सुचवला. त्यांच्यात एक शाळकरी विद्यार्थीही होता. त्यांचं म्हणणं, गोलपणा वगैरे सोडा आणि सरळ वस्तुमान विचारा. १ वर २३ शून्यं एवढ्या किलोंपेक्षा जास्त असेल, तर तो पिंड आपला परिसर मोकळा करू शकतो, मग तो कोणत्याही ताऱ्याभोवती फिरत असो. बुध, म्हणजे आपला सगळ्यांत छोटा ग्रह, या मापाच्या तिप्पट भरतो. प्लूटो त्याच्या आठव्या भागाच्या आसपास राहतो. हा अजून प्रस्ताव आहे, नियम झालेला नाही.

आणि एक परीक्षा कदाचित लवकरच येईल. एरिस शोधणारे माइक ब्राउन आणि त्यांचे सहकारी कॉन्स्टँटिन बॅटिगिन यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की कायपर पट्ट्याच्या पलीकडच्या काही पिंडांच्या कक्षा एकाच बाजूला झुकल्यासारख्या दिसतात. त्यांना कुणीतरी ओढत असावं, पृथ्वीच्या कितीतरी पट वस्तुमानाचा एखादा ग्रह. सगळ्या खगोलशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही आणि तो अजून कुणाला दिसलेलाही नाही. पण समजा दिसला. सूर्याभोवती फिरतो का? हो. एवढा भारी म्हणजे गोल असणारच. राहिला तिसरा प्रश्न, तो आपल्या परिसरावर सत्ता गाजवतो का? तो तिथे असावा असा संशय आला, तोच मुळी त्याने इतरांच्या कक्षा वळवलेल्या दिसतात म्हणून.